साइडलाइन : संपला कोण?

रविवारची मिस्सा आटोपली, वसईतल्या नंदाखालच्या चर्चबाहेर फुटबॉलचा विषय निघाला आणि एका पोराने निकाल लावून टाकला : ‘अनिकेत जाधव? तो कधीच संपला!’ न्यायाधीश सोळा वर्षांचा, आरोपी पंचविशीतला.

अनिकेत कोण, हे या स्तंभाच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. कोल्हापूरच्या रिक्षावाल्याचा मुलगा, बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत तयार झालेला, 2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकातला भारताचा फॉरवर्ड. मग ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे सराव (मालक पुण्याचे वेंकीज, फुटबॉलला शेवटी कोंबडीवालेच पावले). 2022 मध्ये हैदराबादकडून आयएसएलचं विजेतेपद आणि त्याच वर्षी भारताच्या मुख्य संघाचं बोलावणं.

आता शेजारी लॉरेन्स शँकलंडला उभं करा. ग्लासगोचा फॉरवर्ड. 2017 मध्ये अॅबर्डीनने त्याला मोकळं केलं, तेव्हा बाविशीही गाठली नव्हती. आपल्याकडे असा पोरगा बँकेच्या परीक्षेचे क्लास शोधतो. शँकलंड एअर युनायटेडकडे गेला, थेट तिसऱ्या श्रेणीत. त्याच हंगामात एअरने ती श्रेणी जिंकली आणि क्लबबरोबर तोही वर चढला. 2019 मध्ये डंडी युनायटेडने घेतल्यावर पहिल्याच लीग सामन्यात त्याने चार गोल मारले. ऑक्टोबरमध्ये अंगावर स्कॉटलंडची जर्सी होती आणि सान मरिनोविरुद्ध गोलही. डंडी युनायटेड तेव्हा दुसऱ्या श्रेणीत खेळत होता, तरी राष्ट्रीय प्रशिक्षकाला तो दिसला! पुढे हार्ट्सची कप्तानी, 2024 च्या युरोचा संघ.

फरक पायांत नाही, पायऱ्यांत आहे. जेमतेम 55 लाखांच्या त्या देशात चार श्रेणींत 42 क्लब आहेत. वरून घसरलेला कुठेतरी अडकतो, तिथूनच परत चढतो. आपल्याकडे 2014 साली सुरू झालेल्या आयएसएलचं दार खालच्या श्रेणीतल्या विजेत्यासाठी 2023 मध्ये उघडलं. जुलै 2025 मध्ये तर आयोजकांनी हंगामच लांबणीवर टाकला. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार हे संघ भिडले की अख्ख्या पेठा लोटतात. पण तिथे गोल मारणाऱ्याने पुढे चढायचं कुठे?

वसईची तर गोष्टच नको. (हो, पुन्हा तेच रडगाणं.) इथल्या पोराला कूपरेजचं मैदान गाठायला विरारहून चर्चगेट लोकल धरावी लागते, किट मांडीवर घेऊन. उरलेले सगळे फॉरवर्ड टेनिस बॉल क्रिकेटने गिळले, असा या स्तंभलेखकाचा पक्का संशय आहे. पुरावा मागू नये.

त्या न्यायाधीशाने पुढच्या रविवारी मिस्सानंतर थांबावं. 2017-18 चा स्कॉटलंडच्या तिसऱ्या श्रेणीचा गुणतक्ता त्याला दाखवायचा आहे.