साथीदारांची नावे

गुणवंताचा चारचौघांत गौरव करावा, ही आपल्या समाजाची जुनी चाल आहे. पूर्वी हा गौरव राजवाड्यात होई. आता तो सभागृहात होतो. आमच्या नाशिक शहरात असे समारंभ वरचेवर होत असतात. व्यासपीठावर समई तेवत असते, शाल, श्रीफळ आणि मानपत्र तबकात मांडलेले असते आणि सत्कारमूर्ती गायक असला, तर शेवटी त्याचे गायनही होते. हे सारे उचितच आहे. अशा वेळी माझे लक्ष मात्र भलतीकडेच जाते. कोणाचे नाव घ्यावयाचे राहून गेले, हे मी पाहत असतो.

ज्या पुरुषाने गवयाला समाजात मान मिळवून दिला, त्याची कथाही अशाच एका राहून गेलेल्या नावापासून सुरू होते. विष्णु दिगंबर पलुस्कर मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्यापाशी गायन शिकत होते. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजविणारे ते हेच बाळकृष्णबुवा. संस्थानिकांची तरुण विष्णूवर मर्जी होती. एकदा गावात सार्वजनिक समारंभ ठरला आणि प्रतिष्ठित मंडळींबरोबर त्यालाही निमंत्रण आले; गुरूंना मात्र आले नाही. चौकशी करता, ते तर केवळ गवई, त्यांना कशाला बोलवावयाचे, अशा अर्थाचे उत्तर मिळाले, असे सांगतात. शिष्याच्या मनाला ते फार लागले. १८९६ साली त्याने मिरज सोडली. पुढे सौराष्ट्रात तिकीट लावून जाहीर गायन केले आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. उत्तरायुष्यात पलुस्करांनी नाशकात रामनाम आधार आश्रम काढला. त्यांचे चिरंजीव, विख्यात गायक दत्तात्रेय, यांचा जन्मही १९२१ साली नाशकातलाच. पंचवटीत इंद्रकुंडाजवळच्या सभागृहाला आज पलुस्करांचेच नाव आहे.

गवयाला आता निमंत्रण येते; गुच्छही मिळतो. पण त्याच्या डाव्या-उजव्या हाताला बसणाऱ्यांचे काय? तबलजीने ठेका धरला नाही, तर गायकाच्या लयीला आधार कसला? संवादिनीवाला स्वरांचा मागोवा घेत त्याच्या पाठोपाठ जातो. आणि मागे तानपुरा घेऊन बसलेली ती शिष्या! दोन-दोन तास तिची बोटे तारांवरून हलत नाहीत. गायकाचा श्वास सरतो, तेथे तिचा तानपुरा सूर धरून ठेवतो. निमंत्रणपत्रिकेत तिचे नाव मी क्वचितच पाहिले आहे.

बालगंधर्वांना हे नीट उमगले होते. त्यांच्या नाटक मंडळीत तबल्यास अहमदजान थिरकवा आणि सारंगीस कादरबक्ष अशी माणसे होती. साथ उत्तम असल्यावाचून आपले गाणे उत्तम होणार नाही, ही त्यांची धारणा असली पाहिजे. याच थिरकवाँना पुढे १९७० साली पद्मभूषण मिळाले. युरोपात वाद्यवृंदाचे वादन संपले, की संचालक प्रमुख व्हायोलिनवादकाचा हात हातात घेतो आणि सर्व वादकांना उभे करून टाळ्यांचा वाटेकरी करतो. आपल्याकडे पुष्कळदा टाळ्या चालू असतानाच साथीदार मुकाट्याने वाद्यांना गवसणी घालू लागतात.

यावर चालक मंडळींचे एक ठरलेले उत्तर असते : वेळ नाही. तीन नावे घेण्यास अर्धे मिनिटही लागत नाही. प्रमुख पाहुण्यांचा परिचय दहा मिनिटे चालतो, आणि तो बहुधा पाहुण्यांनीच लिहून पाठविलेला असतो!

गतवर्षी येथील एका संस्थेने संगीत-पुरस्कारांच्या समारंभाचे सूत्रसंचालन मजकडे सोपविले. माझ्या हाती दिलेल्या कागदावर देणगीदारांची नावे तपशीलवार होती. साथीदारांपुढे नुसते ‘व इतर’ असे दोन शब्द. समारंभापूर्वी मी रंगपटात जाऊन एकेकाचे नाव, गाव आणि गुरूंचे नाव टिपून घेतले. संवादिनी जुळवीत बसलेले एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, “माझं नाव कशाला, गुरुजी? मी नुसता साथीला आहे.” मी म्हणालो, “आपण आहात म्हणून तर ते गाणार आहेत.” नावे पुकारली तेव्हा सभागृहाने सत्कारमूर्तींइक्याच टाळ्या दिल्या, असे मी म्हणणार नाही, पण टाळ्या झाल्या, आणि तानपुऱ्यावरच्या मुलीने चटकन मान वर केली. तिची आई तिसऱ्या रांगेत बसली होती.

यंदाच्या निमंत्रणपत्रिकेचा मसुदा परवा मजकडे आला. त्यात साथीदारांची नावे गायकाच्या नावाखालीच दिली आहेत. अक्षर मात्र फारच बारीक आहे. ते वाढवावे, असे मी चिटणिसांना कळविले आहे.