काहीही न देणारा उमेदवार

निवडणूक जवळ आली की आपल्या बार्शीटाकळीत भोंग्यांच्या गाड्या फिरू लागतात. कोणी कर्जमाफी देतो, कोणी फुकट वीज देतो, कोणी थेट खात्यात पैसे टाकण्याचे वचन देतो. गेल्या निवडणुकीच्या वेळी कॉलेजच्या आवारात अशीच चर्चा रंगली असता एका मैत्रिणीने मला विचारले, "तुझ्या मनातला उमेदवार काय देणार गं?" मी म्हणाले, "काहीच नाही." सगळ्या जणी हसल्या. ते हसणे मनात राहिले, म्हणून हा लेखप्रपंच.

माझ्या मनातला उमेदवार स्वातंत्र्यवादी आहे. सरकारने जीविताचे व मालमत्तेचे रक्षण करावे, न्याय द्यावा, रस्ते बांधावेत. परंतु कोणी काय पेरावे, कोणाला विकावे, कसे जगावे यात हात घालू नये, असे तो म्हणतो. हा विचार आपल्याकडे नवा नाही. १९५९ साली राजाजींनी स्वतंत्र पक्ष काढला. १९६२ मध्ये त्याचे १८ आणि १९६७ मध्ये ४४ खासदार निवडून आले. १९७४ साली तो पक्ष विलीन झाला. त्यानंतर हा विचार महाराष्ट्रात शेताच्या बांधावरून पुन्हा उभा राहिला. स्वित्झर्लंडमधील नोकरी सोडून आंबेठाणला कोरडवाहू शेती करणाऱ्या शरद जोशींनी शेतकरी संघटना बांधली आणि १९९४ साली स्वतंत्र भारत पक्ष स्थापन केला. २००४ ते २०१० ते राज्यसभेत होते. आपल्या विदर्भात २००९ साली वामनराव चटप या पक्षातर्फे चंद्रपूरहून लोकसभेला उभे राहिले. दीड लाखाहून अधिक मते मिळाली, तरी ते पडले.

मग पडणाऱ्या विचाराला मत का द्यावे? माझे उत्तर पुस्तकातले नाही, वऱ्हाडातले आहे.

पहिले उत्तर कापसाचे. १९७१ च्या कायद्याने महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. शेतकऱ्याने आपला कापूस फक्त सरकारलाच द्यायचा. पलीकडच्या राज्यात भाव जास्त असला तरी तिकडे नेणे हा गुन्हा! चुकाऱ्याची वाट पाहण्यात लग्नांचे मुहूर्त टळल्याच्या गोष्टी म्हातारी माणसे आजही सांगतात. हेतू चांगला होता, व्यापाऱ्यापासून शेतकऱ्याला वाचवण्याचा. पण गिऱ्हाईक एकच उरले की विकणारा लाचार होतो, मग ते गिऱ्हाईक सरकार का असेना.

दुसरे उत्तर सोयाबीनचे. २०२१ च्या पावसाळ्यात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या वर गेले. आमच्या घरी बाबांनी त्या भावावर ताईच्या लग्नाचा हिशेब मांडला होता. ऑगस्टमध्ये केंद्राने १२ लाख टन जनुक बदललेल्या सोयाबीनची पेंड आयात करण्यास परवानगी दिली. पुढे साठ्यावर मर्यादा आली, डिसेंबरात वायदेबाजार बंद झाला. आमचे पीक घरात आले तेव्हा भाव निम्म्याच्या आसपास उतरला होता. भाव उतरण्याला नव्या पिकाची आवक हेही कारण होतेच, हे मी नाकारत नाही. परंतु भाव पडतो तेव्हा बाजाराचा नियम सांगायचा आणि चढतो तेव्हा नियम मोडायचा, हा कोणता न्याय? तुरीचेही तेच. २००६ पासून २०१७ पर्यंत डाळींच्या निर्यातीवर बंदी होती.

तिसरे उत्तर बियाण्याचे. १० जून २०१९ रोजी आपल्याच जिल्ह्यातील अकोली जहागीर येथे शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी मान्यता नसलेले तणनाशक-सहनशील कपाशीचे बियाणे उघडपणे पेरले. निंदणाचा खर्च ज्याला सोसावा लागतो त्याला हा सत्याग्रह का झाला ते कळते. परदेशातील शेतकऱ्याने पिकवलेल्या जनुकीय सोयाबीनची पेंड चालते, पण ते बियाणे इथल्या शेतकऱ्याने पेरले तर गुन्हा!

आता ही सारी बंधने कोठून आली ते पाहा. १९५५ चा आवश्यक वस्तू कायदा, निर्यातबंदी, बियाण्याची मान्यता, आणि ज्यातील कायद्यांना न्यायालयात सहसा आव्हान देता येऊ नये म्हणून १९५१ साली घटनेला जोडलेले नववे परिशिष्ट, हे सारे दिल्लीचे. तेथे आपले सरपंच वा आमदार काय करणार? म्हणूनच असा माणूस लोकसभेत हवा. गंमत अशी की १९८९ पासून पक्षनोंदणीसाठी समाजवादावर निष्ठा लिहून द्यावी लागते. ज्याला समाजवाद मान्य नाही त्याने खोटी शपथ घेऊनच राजकारणात शिरायचे!

आक्षेप आहेत, आणि ते हलके नाहीत. आमच्या सरांनी वर्गात विचारले की मोकळीक दिल्यावर दुबळ्याचे काय? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ साली शेती सरकारच्या मालकीची करण्याची मांडणी केली होती. सरकारपासूनचे स्वातंत्र्य म्हणजे जमीनदाराची गुलामगिरी ठरू नये, ही त्यांची चिंता होती. ती मला खरी वाटते. ज्याला गावात पाणी भरण्याची, धंदा निवडण्याची मोकळीक जातीने नाकारली आहे त्याच्यासाठी सरकारने उभे राहिलेच पाहिजे. याबाबत गप्प बसणारा उमेदवार स्वतःला कितीही स्वातंत्र्यवादी म्हणवो, माझे मत त्याला नाही.

दुसरा आक्षेप मुलींचा. ९ मार्च २०१० रोजी राज्यसभेत महिला आरक्षणाचे विधेयक १८६ विरुद्ध १ मतांनी संमत झाले. ते एक मत शरद जोशींचे होते. मतदारसंघ पाळीपाळीने बदलण्याच्या पद्धतीला त्यांचा विरोध होता. मला त्यांचे मत पटत नाही. पण १९८६ साली चांदवडला हजारो शेतकरी स्त्रियांना एकत्र आणणारा आणि लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत पुरुषांना बायकोच्या नावे जमीन करायला लावणारा माणूसही तोच. सातबाऱ्यावर आईचे नाव लागणे म्हणजे काय, हे आपल्यापैकी अनेकींना सांगायला नको.

राहिला शेवटचा आक्षेप, मत वाया जाते हा. कापसाचा एकाधिकार तीसेक वर्षांनी सुटला. त्यासाठी लढणाऱ्यांपैकी बहुतेक जण निवडणुकीत पडलेलेच होते. पडलेल्या मतांनाही निवडून आलेले लोक मोजतात.

मित्रमैत्रिणींनो, तुम्ही कोणाला मत द्यावे हे सांगण्याचा मला अधिकार नाही. एवढेच करा. पुढच्या वेळी उमेदवार दारी आला की "काय देणार?" असे विचारू नका. "आमचे काय काढून घेणार नाही?" असे विचारा. आणि तो उत्तर देताना अडखळतो का, ते पाहा.

(बी. ए. अंतिम वर्ष)