दुखावलेले प्रवाळ आणि घरातली टाकी

समुद्रात मोडलेले, तापलेल्या पाण्यात पांढरे पडलेले किंवा विक्रेत्याकडून येताना खरचटलेले प्रवाळ घरच्या मत्स्यालयात बरे करता येते का? येते. तसे करावे का, यावर मात्र जाणत्या माणसांत मतभेद आहेत आणि दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकून घेण्यासारखे आहे. कोल्हापूर समुद्रापासून दूर असले तरी हा प्रश्न इथे परका नाही. गगनबावड्याचा किंवा फोंड्याचा घाट उतरला की चारेक तासांत मालवण येते. शिवाय समुद्री मीठ, आरओचे पाणी, चिलर हे सगळे आता घरपोच मिळत असल्याने खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळायला किनाऱ्यावर राहावे लागत नाही.

आधी शौकिनांची बाजू. प्रवाळ हा प्राणी आहे आणि त्याच्या पेशींत राहणारे सूक्ष्म शैवाल त्याला बहुतांश अन्न पुरवते. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एक-दोन अंशांनी जास्त तापून काही आठवडे तसेच राहिले, की हे शैवाल बाहेर टाकले जाते आणि पारदर्शक मांसाखालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. या अवस्थेत प्रवाळ मेलेले नसते. ते उपाशी असते. टाकीत ते वाचवण्याची रीत शौकिनांना ठाऊक आहे. पाणी २५ अंशांच्या आसपास ठेवायचे, प्रकाश आधी मंद आणि मग हळूहळू वाढवत न्यायचा, प्रवाह बेताचा ठेवायचा आणि स्पर्शिका बाहेर आल्या की आर्टेमियासारखे बारीक खाद्य द्यायचे. मांस सुटत चालले असेल तर निरोगी भाग कापून घ्यायचा, आयोडीनच्या द्रावणात बुडवून काढायचा आणि सुपरग्लूच्या जेलने सिरॅमिकच्या चकतीवर बसवायचा. कॅल्शियम लिटरमागे ४०० ते ४५० मिलिग्रॅम हवे, क्षारता आणि अल्कलिनिटी स्थिर हवी. महिनोन्महिने हे आकडे तपासणाऱ्या माणसाकडे जी नजर तयार होते, ती पुस्तक वाचून येत नाही. त्याला नुसता हौशी म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे होईल.

आणि गरजही खरी आहे. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातले प्रवाळ पांढरे पडण्याची चौथी लाट जाहीर केली. त्याच उन्हाळ्यात लक्षद्वीपच्या प्रवाळांनाही तिचा फटका बसला. समुद्राचे तापमान कुणाला उतरवता येत नाही, टाकीचे येते, हा युक्तिवाद साधा आहे आणि चुकीचा नाही.

मात्र कायदा वेगळे सांगतो. २००१ पासून सर्व कठीण प्रवाळे, काळी प्रवाळे, समुद्रपंखे आणि आणखी काही प्रवाळे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. २०२२ च्या दुरुस्तीत अनुसूचींची फेरमांडणी झाली, तरी हे संरक्षण टिकले. परवानगीशिवाय ते गोळा करणे किंवा जवळ बाळगणे हा तीन ते सात वर्षांच्या कैदेचा गुन्हा ठरू शकतो. असा वन्यजीव हाती आला तर ४८ तासांत पोलीस ठाण्याला किंवा वन खात्याला कळवावे, असे कलम ३९ सांगते. ‘मी तो वाचवत होतो’ या उत्तराला या रचनेत फारशी जागा नाही.

हे कठोर वाटते, आणि काही अंशी आहेच. लुटारू आणि शुश्रूषा करणारा यांना एकाच कलमाखाली आणणारा कायदा शहाणा नव्हे, असे म्हणणाऱ्यांकडे फ्लोरिडाचा दाखला आहे. तिथे २०१४ पासून कठीण प्रवाळांचे मांस झडवणारा रोग पसरत गेला. तेव्हा रोगाची लाट पोचण्याआधीच निरोगी प्रवाळे काढून देशभरातल्या मत्स्यालयांत आणि प्राणिसंग्रहालयांत हलवली गेली. त्यांत समुद्र शेकडो किलोमीटर दूर असलेले नेब्रास्कातील ओमाहाचे प्राणिसंग्रहालयही होते. तेव्हा समुद्रापासूनचे अंतर हा काही आक्षेप होऊ शकत नाही.

दुसरीकडे, त्याच दाखल्याचा उरलेला भागही वाचायला हवा. ती हलवाहलव सरकारी यंत्रणेच्या देखरेखीत झाली. कुठला तुकडा कुठून आला याची नोंद ठेवली गेली, विलगीकरण पाळले गेले आणि पुढे प्रजनन करून समुद्रात परत नेण्याची योजना सुरुवातीपासून होती. घरातल्या टाकीत यातले काय असते? कोल्हापुरात २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत अनेक भागांत वीज आणि नळाचे पाणी बंद पडले होते. पंप थांबला की टाकीतला प्राणवायू काही तासांत घसरतो. प्रामाणिक शौकीन इन्व्हर्टर ठेवतो. तो किती वेळ पुरतो हेही त्याला माहीत असते.

वीज ही तरी सोडवता येण्यासारखी अडचण आहे. बाजाराची अडचण तशी नाही. चकतीवर बसवलेला तुकडा परदेशी प्रवाळशेतीतला आहे, मन्नारच्या आखातातून चोरलेला आहे की मालवणच्या खडकावरून उचकटलेला, हे पाहून ओळखणे फार अवघड. ‘मोडलेले सापडले’ एवढे कारण पुरेसे मानले, तर मोडणाऱ्यालाही तेच कारण मिळते.

माझ्या मते निर्णायक मुद्दा याहून वेगळा आहे. बऱ्या झालेल्या प्राण्याला त्याच्या जागी परत नेणे हा वन्यजीवांच्या शुश्रूषेचा हेतू. घरच्या टाकीत मात्र निरनिराळ्या समुद्रांतले मासे, शैवाल, कृमी आणि जिवाणू एकत्र नांदतात. त्या पाण्यात राहिलेले प्रवाळ मालवणच्या खडकावर नेणे म्हणजे तिथे अनोळखी रोग नेण्याचा धोका पत्करणे. म्हणून ते परत जाऊ शकत नाही, जाऊही नये. ते जगते, कदाचित सुंदर वाढते. पण समुद्राच्या हिशेबात ते गेलेलेच असते. उलट समुद्रात मोडून पडलेला तुकडा योग्य खडकावर टेकला तर तिथेच चिकटून वाढू शकतो. फांद्यांची प्रवाळे पसरतात त्यातला हा एक मार्ग आहे.

म्हणूनच आपल्याकडची चांगली कामे पाण्यातच झाली आहेत. तुतीकोरिनच्या संशोधकांनी मन्नारच्या आखातात सिमेंटच्या चौकटींवर प्रवाळांचे तुकडे बांधून वाढवले. मुंबईत सागरी किनारा रस्त्याच्या कामात येणाऱ्या वरळी आणि हाजी अलीच्या प्रवाळ-वसाहती २०२० मध्ये रीतसर परवानगीने, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेमार्फत दुसऱ्या किनारी जागी हलवल्या गेल्या. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ चे. त्याच्या २९ चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात स्थानिक मच्छीमारांचा उदरनिर्वाह आणि पर्यटन दोन्ही चालते, त्यामुळे संरक्षणाचे ओझे कोणी वाहायचे हा वाद तिथे जुना आणि खरा आहे. नांगर, गाळ आणि खडकावर पाय देणारे पर्यटक यांवरचे उपाय मात्र त्या पाण्यातच करावे लागतील.

तेव्हा कायद्याची रेषा आहे तिथेच राहावी, याकडे माझे मत झुकते. पण रेषेच्या आत शौकिनांना जागा करून द्यायला हवी. शिक्षण आणि संशोधनासाठी परवानगी देण्याची तरतूद कायद्याच्या कलम १२ मध्ये आहे. विद्यापीठांच्या प्राणिशास्त्र विभागांनी आणि वन खात्याच्या कांदळवन प्रतिष्ठानने अनुभवी शौकिनांना अशा कामात घ्यावे. आज ज्यांच्या घरी कठीण प्रवाळे आहेत, ती भीतीपोटी गटारात जाऊ नयेत यासाठी स्वेच्छेने नोंद करण्याची एक मुदतही द्यावी. परदेशी प्राण्यांसाठी केंद्राने २०२० मध्ये अशी मुदत दिली होती. लेदर कोरलसारखी, नावे अनुसूचीत नसलेली मऊ प्रवाळे ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी ती जिवापाड बरी करावीत. फक्त टाकीतले पाणी किंवा जीव कधीही नदी-समुद्रात सोडू नये.

आणि घाट उतरून मालवणला जाणाऱ्यांना एक विनंती : पाण्यात तुटलेला तुकडा दिसला तर तो उचलू नका. जागा लक्षात ठेवा आणि वन खात्याला कळवा.