वाळलं की झालं?

गेले तीन वीकांत इथे काही लिहिलं नाही. रिलीज वगैरे काही नव्हतं, चिखलात होतो. अगदी शब्दशः. मिल्टन कीन्सला ऑनसाइट आल्यापासून मी शनिवार-रविवार एका यार्डवर जातो. यार्ड म्हणजे घोड्यांचा तबेला आणि त्याच्या भोवतीची कुरणं. तिथली टॉफी नावाची पोनी मी 'शेअर' करतो. म्हणजे पोनी दुसऱ्याची, महिन्याला थोडे पैसे माझे, खरारा आणि लीद उचलणं माझ्याकडे, आणि बदल्यात दोन तास रपेट. आईला फोनवर हे सांगितलं तर म्हणाली, "पैसे देऊन लीद काढतोस?" असो.

तर आता एप्रिल आलाय. ऑक्टोबरपासून गमबूट गिळणारं कुरण वरून करडं दिसायला लागलंय, आणि यार्डवर सणासारखं वातावरण आहे. जो तो म्हणतोय, वाळलं एकदाचं! चला, रोलर फिरवा, गेट उघडा, घोडी सोडा. माझं भांडण या 'वाळलं' शब्दाशी आहे.

एल्सबरीच्या खोऱ्यातली ही जमीन म्हणजे जड चिकणमाती. पाचशे किलोचा घोडा तळहाताएवढ्या चार खुरांवर उभा असतो. ओल्या चिकणमातीत तो चालला की मातीतल्या हवेच्या पोकळ्या दाबल्या जातात, पाणी खाली जायची वाट बंद होते. मग पुढचा पाऊस वरच साचतो, आणखी चिखल, आणखी तुडवण. कणीक मळतात ना, तसं. ही मळलेली माती उन्हाने वाळते तेव्हा कुरण होत नाही, वीट होते. गवताची मुळं त्यात शिरत नाहीत, शिरतं ते तण. आणि यावर आमचा उपाय काय, तर रोलर! खड्डे सपाट दिसतात, फोटो छान येतो. खाली चार इंचांवर माती अजून ओलीच असेल तर रोलरने ती जास्तच दाबली जाते. पुढच्या हिवाळ्याच्या चिखलाची सोय आपण एप्रिलमध्येच करून ठेवतो.

माझा फ्लॅटमेट सिव्हिलवाला आहे, नाशिकचा. त्याला हे सांगितलं तर तो हसला. "अरे येड्या, सेकंड इयरचा प्रयोग आहे हा." मातीचा गोळा घ्यायचा आणि तळहाताखाली वळून त्याची दोरी करायची. तीन मिलिमीटर जाड होईपर्यंत तिचे तुकडे पडले नाहीत, तर माती अजून 'प्लॅस्टिक' आहे, म्हणजे दाबाल तशी दबणार. आटरबर्ग नावाच्या स्वीडिश केमिस्टने १९११ मध्ये मातीच्या या मर्यादा मांडल्या. खर्च शून्य, वेळ दोन मिनिटं.

पण मला आटरबर्गच्या आधी आजोबा आठवले. आमची परभणीकडची काळी जमीन. पाऊस उघडला की आम्ही पोरं म्हणायचो, आबा, वाळलं की शेत, चला. आबा वाकून मूठभर माती घ्यायचे, दाबायचे, सोडायचे, आणि म्हणायचे, "वाफसा नाही अजून." विषय संपला. वाफसा आल्याशिवाय औत रानात जाणार नाही, मग शेजाऱ्याचं गेलं तरी. ना चिखल ना ढेकूळ, मधली ती बरोबर वेळ. सातवी शिकलेल्या माणसाला जे कळत होतं ते इथल्या हवामानाचे ॲप दिवसातून चाळीस वेळा उघडणाऱ्या आम्हाला कळत नाही.

यात माझा राग थोडा वैयक्तिक आहे, तेव्हा सांगूनच टाकतो.

एप्रिल २०२४. त्याआधीचे १८ महिने, म्हणजे ऑक्टोबर २०२२ ते मार्च २०२४, इंग्लंडमध्ये १८३६ पासूनच्या नोंदींतले सगळ्यात ओले होते. हिवाळ्यातलं कुरण पूर्ण राड झालेलं, गवताचं पातं नाही. मग पहिलं ऊन पडलं आणि सगळ्यांनी यार्डवालीच्या मागे लकडा लावला, खालचं राखीव कुरण उघड. सगळ्यांत मीही होतो. मला टॉफी हिरव्या गवतात बघायची होती, फोटो आईला पाठवायचा होता. गेट शुक्रवारी उघडलं. रात्री दव गोठत होतं आणि दिवसभर लख्ख ऊन. अशा वेळी गवत साखर बनवतं पण थंडीमुळे वाढत नाही, मग ती साखर पात्यात साठते. टॉफी म्हणजे गोल गरगरीत देशी पोनी, यांच्या शरीराला इन्सुलिनचं गणित आधीच जड जातं. मंगळवारी फोन आला, ती जागची हलत नाहीये. जाऊन पाहिलं तर पुढचे पाय पुढे टाकून, सगळा भार मागे घेऊन उभी. खूर हाताला गरम लागत होते. लॅमिनायटिस. खुराच्या आतलं हाड ज्या पापुद्र्यांनी खुराला धरून असतं ते सुजतात. सात आठवडे ती लाकडाच्या भुशावर उभी होती, भिजवून साखर उतरवलेलं सुकं गवत खात. वाचली. अनेक वाचत नाहीत.

तेव्हा सगळे म्हणाले, हवामानच तसं होतं. नाही हो! हवामानाने पाऊस पाडला, बाकीचं आम्ही केलं. आमच्या यार्डवर १९ घोडी आणि १४ एकर. ब्रिटिश हॉर्स सोसायटी सांगते घोड्यामागे एक ते दीड एकर. भागाकार मी करत नाही, तुम्ही सगळे अकरावी-बारावी पीसीएमवाले आहात. :-) पाऊस वाढलाय हे खरं, आणि म्हणूनच १४ एकरात १९ घोडी हे उत्तर आणखी चुकीचं आहे.

यार्डवाली बाई खलनायिका नाही. घोड्यामागे पैसे मिळतात, जमिनीचं भाडं आणि गवताच्या गाठी थांबत नाहीत. दोन घोडी कमी केली तर बाकीच्यांची फी वाढेल, आणि फी वाढली की आरडाओरडा करणारे आम्हीच. फेब्रुवारीत चिखलाच्या नावाने बोटं मोडायची, गेटपाशी पेंढा टाकून वेळ मारून न्यायची (तो कुजून त्याचाच चिखल होतो, पॅचवर पॅच), आणि मे उजाडला की सगळं विसरायचं. प्रॉडक्शन पडल्यावर रात्री तीनला ज्या ॲक्शन आयटमच्या शपथा घेतो त्यांचं जे होतं, तेच. गेटखाली जाळी अंथरून खडी भरणं, बंद झालेले चर उपसणं, पाण्याचं टाकं गेटपासून लांब हलवणं, ही कामं कोरड्या जमिनीवरच होतात, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये. पण जुलै-ऑगस्टमध्ये चिखल कुणाला आठवतो? तेव्हा सगळ्यांना शोमध्ये रिबन हवी असते.

म्हणून परवाच्या रविवारी मी खुरपं घेऊन खालच्या कुरणात गेलो. वरचा थर बोटाने फुटत होता. चार इंच खालची माती काढली आणि दोरी वळली. सुतळीसारखी बारीक झाली तरी तुटेना. तशीच नेऊन यार्डवालीला दाखवली. ती आधी दोरीकडे बघत राहिली, मग म्हणाली, रोलरवाला उद्या येणार आहे. मग तिने त्याला फोन करून पुढचा आठवडा सांगितला.

आता मी एक पत्र फिरवतोय. महिन्याला पंधरा पौंड फी वाढवा, ते पैसे ऑगस्टमध्ये गेट आणि चरांवर घाला, आणि नवीन घोडं घेऊ नका. आजपर्यंत चार सह्या झाल्यात, त्यातली एक माझी.