डोळा आहे, नोंद कुठे?

दिल्लीतील आमच्या वसाहतीत फाटकाजवळ उभी केलेली माझी मोटार एका पहाटे चोरीला गेली. फाटकावरच्या कॅमेऱ्याने सारे टिपले होते: टोपी घातलेले दोघे, थोडी खटपट, मग दूर जाणारे मागचे दिवे. तक्रार घरबसल्या ऑनलाइन नोंदवता आली. यथावकाश ‘तपास लागला नाही’ असा अहवाल मिळाला आणि विमा कंपनीने तो मान्य केला. चोरीपेक्षा ही सुरळीतता मला अधिक खटकली.

आता वाहनाभोवती घुटमळणारी व्यक्ती ओळखणारे, नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे सर्वत्र बसवा, असा आग्रह धरला जातो. माझा विरोध नाही. मात्र इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला १८९७ सालचे कोलकाता आठवते. बोटांचे ठसे घेणे तोवर ठाऊक झाले होते. अडचण होती ती हजारो ठशांतून नेमका ठसा हुडकण्याची. ती वर्गवारी बसवण्यात अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या पोलीस कर्मचाऱ्यांचा मोठा वाटा होता. (पद्धतीला नाव लागले ते हेन्रीसाहेबांचे!)

मोटारींचेही तेच आहे. पहाटे दिल्लीहून नोएडा किंवा गुरुग्राम गाठायला फार वेळ लागत नाही. तेवढ्यात राज्य बदलते, पोलीस दल बदलते. मालक तेव्हा झोपेत असतो. चोरीच्या यादीत अजून नसलेला क्रमांक कॅमेऱ्याने अचूक वाचून उपयोग काय? म्हणून मोटार जागची हलण्यापूर्वीच मालकाला इशारा देणारी यंत्रणा मला अधिक मोलाची वाटते. प्लेट बनावट असेल, तर तिच्यावरील क्रमांकाशी ‘वाहन’ या राष्ट्रीय नोंदवहीतील रंग आणि बनावट जुळते का, हेही यंत्राला ताडता आले पाहिजे. पांढऱ्या छोट्या मोटारीचा क्रमांक काळ्या जीपवर दिसला, तर तिथेच शंका यावी.

पण घुटमळणारा म्हणजे कोण? आमच्याकडे पहाटे पाच वाजता बादली घेऊन गाड्या पुसणारी मुले येतात. यंत्राच्या लेखी तीच पहिली संशयित ठरतील. खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले. तो त्या मुलांनाही आहे. चित्रण किती दिवस ठेवायचे आणि ते कोणी पाहायचे, हे यंत्रखरेदीच्या निविदेतच लिहिलेले असावे.

वसाहतीने आता दुसरा कॅमेरा लावला आहे. त्याचे चित्रण कुठे जाते, असे मी विचारले. रखवालदाराने जिन्याखालच्या धुळकट पेटीकडे बोट दाखवले.