सरकारी संगणक: टेबलाच्या दोन्ही बाजूंना तालीम हवी

कापडाच्या धंद्यात आमची उमर गेली. कीर्द लिहिणे आणि तिच्यावरून खतावणी करणे आम्ही दुकानाच्या गादीवर बसून शिकलो. वडीलधाऱ्यांनी पहिल्याच दिवशी बजावले होते की कीर्दीतली चूक खतावणीत जाते आणि खतावणीतली चूक गिऱ्हाइकाच्या दारात भांडण बनून उभी राहते. आज सरकारी कार्यालयांत जी नवी संगणक व्यवस्था रुजत आहे, तिच्याकडे पाहताना हे बोल वारंवार आठवतात.

या व्यवस्थेला एंटरप्राइज रिसोर्स प्लॅनिंग, थोडक्यात ईआरपी म्हणतात. नाव भारी असले तरी गोष्ट आपल्या समजण्यासारखी आहे. पूर्वी नगरपालिकेत घरफाळ्याचे रजिस्टर वेगळे, पाणीपट्टीचे वेगळे, परवान्याचे वेगळे आणि हिशेब विभागाचे आणखी वेगळे असे. ईआरपीत ही सगळी खाती एकमेकांना जोडलेली असतात. खिडकीवर घरफाळा भरला की पावती निघते, थकबाकी कमी होते आणि जमेची नोंद हिशेबात आपोआप पडते. हेलपाटे वाचतात, हा फायदा निर्विवाद आहे. मात्र एका टेबलावर झालेली चूकही तितक्याच वेगाने सगळ्या खात्यांत पोहोचते.

महाराष्ट्राला हा प्रयोग नवा नाही. कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेने या शतकाच्या सुरुवातीलाच आपला कारभार संगणकावर आणला आणि पुढे राज्यातील इतर पालिकांसमोर तोच नमुना ठेवण्यात आला. आपल्या जिल्ह्यात तर त्याआधीच, १९९८ मध्ये, वारणानगर परिसरातील कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांच्या सुमारे ७० गावांत संगणक केंद्रे उभी राहिली. बाजारभाव, शेतीचा सल्ला, सरकारी माहिती, सारे तेथे मिळेल असे सांगितले गेले. प्रत्यक्षात ती केंद्रे मुख्यतः उसाच्या नोंदी, तोडणी आणि वजन यांपुरतीच वापरली गेली. कारखान्याला गरज होती म्हणून तेवढे काम टिकले. बाकीचे शिकवणारा आणि मागणारा कोणी नव्हता, असे आमचे मत आहे. यंत्र आणणे सोपे, माणूस तयार करणे अवघड.

कर्मचाऱ्यांना काही शिकवलेच जात नाही, असे आम्ही म्हणत नाही. २००१ पासून एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम गावोगावी पोहोचला. तो चांगलाच आहे, आमच्या दुकानातील मुलांनीही केला आहे. परंतु संगणक चालवता येणे आणि नोंदीची जबाबदारी समजणे यात फरक आहे. कोणते बटण दाबायचे हे कळले, पण दाबल्यावर ती नोंद कोणकोणत्या खात्यांत जाते, चुकली तर दुरुस्त कोणी करायची आणि त्याला अधिकार कोणाचा, हे शिकवले नाही तर ती तालीम अर्धीच राहिली.

आपल्या समाजाला याची झळ अधिक बसते आणि कारण आहे आपली नावे. एकच माणूस कुठे मोहम्मद, कुठे महंमद, कुठे नुसता मो. असतो. शाळेचा दाखला उर्दूत, रेशनकार्ड मराठीत, पॅनकार्ड इंग्रजीत. कोणी बागवान, कोणी मोमीन, कोणी मणेर, अत्तार वा शिकलगार. कारकुनाने कधी आडनाव आधी लिहिले, कधी गाळूनच टाकले. जुन्या रजिस्टरच्या काळात कारकून चेहरा ओळखायचा. संगणक अक्षरे जुळवतो. एका कार्यालयात आमचाच कागद वडिलांच्या नावातील एका अक्षरासाठी तीन महिने अडकून पडला. समोरचा तरुण कर्मचारी अदबीने म्हणाला, "चाचा, सिस्टीम घेत नाही." त्याचा दोष नव्हता. सिस्टीमला घ्यायला कसे लावायचे, हे त्याला कोणी शिकवलेच नव्हते.

२०१७ मध्ये जीएसटी आला, २०२० मध्ये उद्यम नोंदणी, २०२३ मध्ये कारागिरांसाठी पीएम विश्वकर्मा योजना. शिंपी, चर्मकार, लोहार असे १८ व्यवसाय तिच्यात आहेत. प्रत्येक ठिकाणी दरवाजा संगणकाचाच आहे. तेथे अक्षर जुळले नाही, तर हातात हुनर असूनही कारागीर दाराबाहेर राहतो.

म्हणून आमच्या दोन सूचना आहेत. पहिली सरकारसाठी. कर्मचाऱ्यांना शिकवताना एक सरावाची पालिका संगणकावर उभी करावी, तिच्यात चुकीची नावे, दुबार मिळकती, वारसांचे वाद मुद्दाम घालावेत आणि ते सोडवायला लावावेत. हे सर्व मराठीत व्हावे. वाणिज्य शाखेच्या मुलांनाही हाच सराव द्यावा.

दुसरी सूचना आपल्यासाठी. आपले बहुतेक बांधव सगळे काम एजंटावर सोपवतात. फोन नंबर एजंटाचा, पासवर्डही एजंटाकडे. दुकानाच्या तिजोरीची किल्ली आपण असे परक्याच्या हाती देऊ का? आलेली नोटीस आपल्याला कळतच नाही, कळतो तो थेट दंड. १९०६ मध्ये शाहू महाराजांच्या पुढाकाराने मुस्लिम मुलांच्या शिक्षणासाठी येथे संस्था उभी राहिली आणि मुस्लिम बोर्डिंगमधून आपल्या पिढ्या शिकून पुढे गेल्या. त्याच परंपरेत प्रत्येक मोहल्ल्यात रविवारचे दोन तास काढता येतील. निवृत्त कर्मचारी आणि आपली शिकलेली मुले-मुली यांनी बसावे, ज्येष्ठांचे कागद एकत्र ठेवून नावे तपासावीत आणि आपली नोंद स्वतः उघडून वाचायला शिकवावे.

कुरआनातील सर्वांत मोठी आयत देण्याघेण्याच्या लिखापढीविषयी आहे आणि तीत लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे असा आदेश आहे. लिहिणारी बोटे आता संगणकावर आहेत, एवढाच फरक पडला. नोंद ही अमानत आहे. ती लिहिणाऱ्याने शिकावी आणि जिची नोंद आहे त्यानेही वाचायला शिकावी. या रमजानपूर्वी निदान आपल्या घरातील सगळ्यांची नावे सर्व कागदांवर एकसारखी आहेत का, एवढे तरी प्रत्येकाने पाहावे.