डोर्नकलचे बिशप

विजयवाड्याच्या गाडीला डोर्नकल जंक्शन लागते. त्या गावात वेदनायगम सॅम्युएल अझरिया बिशप होते, हे आपल्या कॅथलिक मुलांना कुणी सांगत नाही. ते अँग्लिकन ना, मग आपले कसे? हा हिशोब मला पटत नाही.

२९ डिसेंबर १९१२ रोजी कलकत्त्यात त्यांचा अभिषेक झाला. अँग्लिकन चर्चचे ते पहिले भारतीय बिशप. त्याआधी दोनच वर्षे, एडिंबरोच्या परिषदेत, त्यांनी गोऱ्या मिशनऱ्यांना तोंडावर ऐकवले होते: त्याग पुष्कळ केलात, आता आमचे मित्र व्हा. छत्तिशीही न गाठलेला काळा माणूस, आणि सभा सगळी साहेबांची!

मूळचे तिरुनेल्वेलीचे तमिळ. पण तेलुगू शिकले आणि माला-मादिगांच्या वाड्यावाड्यांतून बैलगाडीने हिंडले. त्यांचे एपिफनी कॅथेड्रल १९३९ मध्ये पूर्ण झाले. घुमट मशिदीसारखे, खांब देवळासारखे.

‘तुमचा धर्म परदेशी’ असे शेजारी अजूनही सहज बोलून जातात. त्यांना हे सांगावे: धर्मांतरावरून अझरियांचे गांधीजींशी जमले नाही, तरी ख्रिस्ती लोकांना वेगळे मतदारसंघ द्यायला त्यांनी विरोधच केला. देशापासून फुटून राहणे त्यांना नको होते. चर्चच्या एकीसाठीही ते आयुष्यभर झटले. १ जानेवारी १९४५ ला गेले, आणि चर्च ऑफ साउथ इंडिया जन्मले ते १९४७ मध्ये.

पॅरिशच्या मुलांची सहल दरवर्षी ठरलेल्या ठिकाणीच जाते. यंदा डोर्नकलला न्या, असे मी फादरांना सुचवले आहे. शेजारच्या सीएसआय चर्चची मुलेही बरोबर घ्यावीत.